जरा सैल लाव

"जरा सैल लाव गं, जयू."

शालनकाकी माझ्या खुर्चीत बसून असं म्हणाल्या, आणि माझ्या हातातला स्पिरिटचा बोळा हवेतच राहिला. माझ्या पार्लरमध्ये बायका काय काय मागतात! भुवई बारीक कर, पण कळता कामा नये. केस काप, पण लांबी कमी होऊ देऊ नको. फेशियल असं कर की जावेला दिसलं पाहिजे आणि सासूला दिसता कामा नये. हे सगळं मी हसत हसत निभावत आलेय. पण दंडावरचा सेन्सर सैल लाव म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

"सैल? काकी, हा पडू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. आता कुठं टिकायला लागला, तर सैल?"

"आपोआप पडंल असा नको. पण कुणी ओढला तर निघंल असा."

"कोण ओढणार आहे?"

काकींनी आरशातून माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या नवरीच्या फोटोकडे. "पदर ओढतो की," त्या म्हणाल्या.

आमच्या धंद्यात माणसाचा हिशेब मानेवरून लागतो. भुवया कोरताना बाईला मान मागे टाकावी लागते. खरं बोलत असली की मान सैल पडते, आत काही दाबून ठेवलं असलं की ताठ राहते, आणि दोरा तुटतो. काकींची मान त्या दिवशी लाकडासारखी होती.

हा सेन्सर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, कारण तेव्हा आमच्या गावात तो एकट्या काकींच्याच दंडावर होता. दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी अशी पांढरी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला बसवायची. तिच्या पोटात केसाएवढी बारीक तार असते, ती कातडीत राहते आणि साखर मोजत बसते. साखर उतरायला लागली की काकींचा मोबाइल कोकलायला लागायचा, आणि त्याच क्षणी हैदराबादला त्यांच्या मुलीचा, वृषालीचाही. दोन आठवडे ती चकती जागची हलता कामा नये. मधेच निघाली तर तार बाहेर येते आणि सेन्सर मेला. पुन्हा चिकटवून उपयोग नाही.

काकींचा मधुमेह जुना, रोजचं इन्सुलिन. आदल्या दिवाळीनंतर एकदा पहाटे साखर एवढी उतरली की चहाचं आधण ठेवता ठेवता त्या ओट्यापाशी कोसळल्या. दूधवाल्यानं बघितलं म्हणून वाचल्या. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, पण त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांना कळलं नाही, असं काकींनी सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टर म्हणजे काकींचे यजमान, हिंदुराव निकम. ढोरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत आजूबाजूच्या गावांतली एकूण एक म्हैस त्यांच्या हाताखालून गेलेली. अडलेली गाय मोकळी करायला लोक त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून पळवून न्यायचे. निवृत्तीनंतरही गोठ्यांतून बोलावणी यायची, मग हळूहळू थांबली. "कानांनी दगा दिला," काकी म्हणायच्या. त्यामुळे सगळा गाव डॉक्टरांशी बोंबलून बोलायचा. "काऽऽय डॉक्टर, बरं हाय काऽऽ?" डॉक्टर दचकायचे आणि हात जोडायचे. मीही बोंबलायचे. माझा आवाज तर बाजारच्या दिवशी तयार झालेला.

तर काकी कोसळल्यावर वृषाली धावत आली आणि जाताना आईच्या दंडावर हा पहारेकरी बसवून गेली. जाताना बजावलं, "आई, हा दंडावर असेपर्यंत तू इथं राहा. नसेल तर मी तुला इथं ठेवणार नाही. दोघांना घेऊन जाईन."

आणि सेन्सर लागला की पडायला.

पहिला पडला तेव्हा काकी औषधाच्या दुकानात गेल्या. तिथल्या माणसानं दुसरा लावून दिला, तोही पडला. मग त्या माझ्याकडे आल्या. "तू आयुष्यभर बायकांच्या कातडीचं बघतीस," म्हणाल्या. "तुझ्या मेणाला लोकांच्या हाताची सालं निघतात, एवढं चिकटतं. ही एक चकती चिकटव की."

"काकी, सालं कुणाची निघाली? नाव सांगा."

"तुझ्या तोंडावर कोण सांगंल?"

असं आमचं चालायचं. पण काम मी मन लावून केलं. आधी विचारपूस. अंगाला तेल लावता? त्या हाताला लावायचं नाही. पावडर? बंद. कुठल्या कुशीवर झोपता? मग दुसऱ्या दंडावर लावू. जागेची बारीक लव काढली, स्पिरिटनं पुसली, फुंकर न घालता वाळू दिली. लोक फुंकर घालतात आणि तोंडाची वाफ परत कातडीवर बसते. ब्लाउजच्या बाहीची कड जिथं घासते, त्याच्या खाली दोन बोटं सोडून चकती बसवली. वरून भोकाची पट्टी. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल केले, कारण कोपरा असला की पदराचं सूत त्यात अडकतं आणि सगळंच उचकटतं.

"काकी, त्यापेक्षा कोपरापर्यंत बाही शिवा ना. झाकलेलं राहील."

"छे गं. उकडतं."

थंडीचे दिवस होते. मी मनात नोंद केली आणि विसरून गेले.

आणखी एक गोष्ट नाकाला लागली होती. सेन्सर पडल्यावर काकी आल्या की त्यांच्या दंडाला रॉकेलचा वास यायचा. "मुंग्या झाल्यात घरात," त्या म्हणाल्या. मी तेही मान्य केलं. एवढ्या सगळ्या बायकांचं खरंखोटं ओळखणारी मी, मला मुंग्या पटल्या.

पण पडणं थांबलं नाही. कधी आठवडा, कधी तेवढाही नाही. मग माझं डोकं चालायला लागलं. एका दुपारी दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा मी खुर्ची फिरवून काकींना समोर घेतलं.

"काकी, एक विचारते. रागवायचं नाही."

"विचार."

"सेन्सर पडतो, का पाडला जातो?"

काकींची मान ताठ झाली. "म्हंजे?"

"म्हणजे असं बघा. सेन्सर पडला की वृषालीचा लगेच फोन. आई, काय झालं, आई, बरी आहेस ना. नाही पडला की रविवारी, तोही कुकरची शिट्टी होईपर्यंत. मला तर वाटतं, लेकीचा आवाज ऐकायला तुम्हीच त्या चकतीला नख लावता."

काकी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. एवढ्या मोकळ्या हसल्या की मला वाटलं, पकडली चोरी. मानही सैल पडली.

"तुझ्यापासनं काय लपत न्हाई बाई," त्या म्हणाल्या.

मला केवढी गुदगुली झाली! त्याच दिवशी मी वृषालीला फोन लावला आणि चांगली झाडली. "अगं, पोरी, यंत्रं कसली पाठवतेस? रोज एक फोन पाठव." ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, "जयूताई, रोज करीन. पण आता यापुढे पडला ना, तर मी कारण ऐकणार नाही. तिकीटच काढीन."

त्या दिवसापासून रोज फोन यायला लागला. काकी लेकीशी पोटभर बोलायच्या. आणि पुढच्याच आठवड्यात सेन्सर पडला.

माझा हिशेब चुकला, एवढं मला कळलं. कुठं चुकला ते कळलं नाही. म्हणून मी दोष माझ्या चिकटवण्याला दिला. आमच्यासारख्या माणसांचं असंच असतं. आपल्या हातात असेल तेवढंच आपल्याला दिसतं. मी सांगलीहून कातडीवर लावायचं एक पातळ औषध मागवलं, ते वाळलं की वर कुठलीही पट्टी घोरपडीसारखी बसते. त्यावर सेन्सर, त्यावर पट्टी, आणि त्यावर सुती इलॅस्टिकचा पट्टा मी स्वतः मशीनवर शिवला, दंडाच्या मापानं, आतून अस्तर लावून. वृषालीला सांगितलं होतं की मी बघते, आणखी एक संधी दे.

तो टिकला. पुरते दोन आठवडे टिकला. वृषालीनं मला फोनवर नमस्कार घातला.

आणि नवा बसवायला आलेल्या काकी म्हणाल्या, "जरा सैल लाव गं, जयू."

जुना काढताना मी बघितलं. पट्ट्याच्या कडेकडेनं काकींच्या दंडावर ओरखडे होते. काही वाळलेले, काही ताजे. आणि रॉकेलचा वास.

"हे काय?"

"खाजवलं."

"काकी, हे तुमच्या नखाचं नाही. हे कसल्यातरी बारीक टोकाचं आहे."

त्यांनी बाही खाली ओढली.

"हे बघा," मी म्हटलं, "मी सैल लावणार नाही. उद्या पहाटे परत ओट्यापाशी पडलात तर? आणि वृषालीनं तिकीट काढलं तर? अकराव्या मजल्यावर राहते ती. तुम्हीच म्हणालात ना, तिथं डॉक्टर काय करणार म्हणून?"

"हां," त्या म्हणाल्या. "थितं ते काय करतील." आणि दंड पुढे केला.

मी घट्ट लावला. पहिल्यापेक्षा घट्ट.

काकी गेल्या. थोड्या वेळानं खुर्चीच्या फटीतून मोबाइल पिपाणीसारखा वाजायला लागला. काकींचाच. सेन्सरपासून फोन लांब गेला की तो असा ओरडतो, आणि आता हैदराबादलाही हाकाटी होणार. मी तसंच दुकान ओढून घेतलं आणि निघाले.

निकमांचं घर बाजाराच्या मागच्या आळीला. पुढचं दार उघडं होतं. हाक मारणार तेवढ्यात मागच्या अंगणातून बोलणं ऐकू आलं. मी आतून गेले आणि मागच्या दाराच्या आड थबकले.

रिकाम्या गोठ्यापाशी काकी पाटावर बसल्या होत्या, पाठ वळवून, डावी बाही वर सरकवून. मागे स्टुलावर डॉक्टर. मांडीवर टॉवेल, हातात बारीक चिमटा, शेजारी एका डबीत रॉकेल. मी शिवलेला पट्टा त्यांनी कोपराकडे सरकवला होता आणि चकतीच्या कडेला ते रॉकेलचा बोळा टिपत होते. एवढ्या हलक्या हातानं, की मी चेहरे हाताळण्याचा धंदा करते, मला तसं जमत नाही.

"हलू नगंस. हां... बाय माझी... झालंच आता."

"न्हाई हलत," काकी म्हणाल्या. अगदी हळू. जवळजवळ कुजबुजल्या.

"शालन, अगं केवढा गोचीड हाय ह्यो. रगात पिऊन टम्म झालाय. सांगायचं न्हाईस?"

"आता सांगितलं की."

"गोठ्यात जाऊन बसतीस, मग असं हुतंय. किती बार सांगितलं."

काकी हसल्या. मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता, पण तो काही मला रोज आरशात दिसणारा चेहरा नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं की ज्या माणसाशी सगळा गाव बोंबलून बोलतो, त्याला बायकोची कुजबुज स्वच्छ ऐकू येत होती.

डॉक्टरांनी चिमटा लावला. चकती हलली नाही. पुन्हा बोळा, पुन्हा चिमटा. पट्टीची कड त्यांनी चिमट्यात धरली, ओढली. काकींनी दात आवळले. मी लावलेलं होतं ते. मी मनात म्हटलं, निघ. देवाशप्पथ, माझ्या हाताचं काम मोडावं असं मला जन्मात एकदाच वाटलं, ते तेव्हा.

"ह्येचं त्वांड कुठं गावंना," डॉक्टर पुटपुटले. "असला गोचीड मी बघितला न्हाई कधी." चिमटा निसटला आणि कातडीला लागला. काकी हलल्या नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा एकदा कड चाचपली. त्यांनी चिमटा टॉवेलवर ठेवला, तळहात उलटे करून बघितले, आणि मग समोरच्या पाठीकडे. कुणीतरी आतून दिवा मालवावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही तासगावला जावा. थितं दुसरा डॉक्टर हाय. आमच्याच्यानं न्हाई हुईत हे."

"ऱ्हाऊ द्या," काकी म्हणाल्या. "उद्या बघू."

"चहा घेऊन जावा. पण घरात कोण न्हाई आत्ता. शालन कुठं गेलीया, कुणास ठावं."

माझ्या हातातला मोबाइल वाजला. दोघांनी वळून बघितलं. वृषाली. काकींचा चेहरा मला बघून पांढरा पडला, आणि त्यांनी फक्त मान हलवली. नको.

मी फोन घेतला.

"आई, सिग्नल का गेला? पडला का परत?"

"वृषाली, मी जयू. नाही पडला. फोन माझ्या दुकानात विसरल्या काकी. चांगला घट्ट आहे."

"हुश्श. बाबा कुठायत? द्या ना जरा."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून पाहुण्याला करावा तसा नमस्कार करत होते.

"त्यांना फोनवर कुठं ऐकू येतं," मी म्हटलं.

नंतर स्वयंपाकघरात काकींनी चहा टाकला. माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या.

"दोन वर्सं झाली. आधी गुरांची नावं गेली, मग माणसांची. पोरगीला दिसंल म्हणून मी बहिरं केलं त्यांना. बहिऱ्याला कोण काय इचारत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी बाई. सकाळी उठलं की इचारतात, बाई, तुम्ही कुणाकडच्या? जेवायला वाढलं की म्हणतात, बाई, लई तरास घेताय." त्यांनी साखरेचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. "तो पहिला सेन्सर लावला ना वृषालीनं, ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत हुते. माग्नं आले, दंड धरला आणि म्हणाले, शालन, गोचीड चिकटलाय तुला. जयू, सव्वा वर्सानं नाव घेतलं माझं."

मी उतू जाणाऱ्या चहाखालचा गॅस बारीक केला.

"निघाला की डबीत टाकतात, हात धुतात, आणि मग घटकाभर असतात इथंच. काय काय बोलतात. कामेरीच्या म्हशीचं, माझ्या आईचं. मग परत जातात." त्या वळल्या. "मी लांब बाही घालून बसू? मला कळतंय साखरेचं. मला मराची हौस न्हाई, मी मेले तर त्यांना कोण बघंल? पण ते दोन आठवडे तू लावलंस घट्ट. रोज असंच. आधी शालन, आणि निघंना म्हटलं की परत बाई."

माणसाजवळ असे दिवस किती उरलेत ते कुणाला माहीत नसतं. त्यातले चौदा मी माझ्या शिवलेल्या पट्ट्यानं वजा करून टाकले होते, आणि वर नमस्कार घेतला होता.

"जुने पडलेले सेन्सर टाकलेत का?" मी विचारलं.

"टाकते कुठं? डबीतनं काढून ठेवलेत सगळे."

"उद्या घेऊन या. आणि शिंप्याकडं जा. ब्लाउजची उजवी बाही कोपरापर्यंत, डावी आखूड."

"तसलं ब्लाउज? लोक हसतील."

"हसू द्या. म्हणावं, नवी फॅशन आहे, जयूनं सांगितलंय. गावात माझं ऐकून बायकांनी याहून वाईट केलंय."

त्या दिवशी काकी पहिल्यांदा रडल्या, आणि मग त्या ब्लाउजची कल्पना करून हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दार लावून घेऊन आम्ही दोघींनी उद्योग केला. हात बदलतोय असं वृषालीला कळवून डावा सेन्सर उचकटला आणि एक नवा उजव्या दंडावर बसवला, माझ्या सगळ्या विद्येनिशी, घोरपडीसारखा, आणि शिंप्याचं ब्लाउज येईपर्यंत वर मीच जोडून दिलेली लांब बाही. डाव्या दंडावर एक मेलेला सेन्सर. तार काढून टाकली, धुऊन घेतला, आणि टिकली चिकटवायचा गम असतो ना आमच्याकडे, छोट्या बाटलीत, त्याचा एक ठिपका.

"डावा डॉक्टरांचा," मी म्हटलं, "उजवा वृषालीचा."

"आन माझा कुठला गं?"

"तुम्हाला दोन्ही."

जमलं. द्राक्षाच्या छाटणीच्या सुमारास सुरू झालेलं हे नाटक पुढच्या हंगामापर्यंत चाललं. संध्याकाळी डॉक्टरांना गोचीड दिसायचा. रॉकेल, बोळा, चिमटा. चकती अलगद निघायची, डबीत पडायची. काकी रात्री ती धुऊन ठेवायच्या आणि सकाळी स्वतःच गमाचा ठिपका लावून परत चिकटवायच्या. गमाची बाटली मी भरून देत होते. कधी यायच्या भुवयांना, मान मागे टाकायच्या, आणि दोरा सर्रकन फिरायचा. "काल म्हणाले, शालन, तुझ्या रगताला गोडी हाय, म्हणून सारखे चिकटतात." एवढं बोलून त्या हसत सुटायच्या. मधुमेहावर असा विनोद मी दुसरा ऐकला नाही.

ते एक बाही लांब, एक आखूड ब्लाउज गावातल्या आणखी दोघींनी शिवून घेतलं, हे वर.

आता त्या घराला कुलूप आहे. डॉक्टर गेले, काकींना वृषालीनं नेलं. वृषालीचा दर दिवाळीला मला न चुकता निरोप येतो. जयूताई, तुमच्यामुळे आईचा सेन्सर त्या पूर्ण वर्षात एकदाही पडला नाही, इथं कुणाला तसा लावता येत नाही. मी नमस्काराचं चित्र पाठवते. खरंच आहे ते. उजवा कधी पडला नाही.

काकी घरी लावायला लागल्यापासून डावा दंड मी निरखून बघितलाच नव्हता. तो बघायची वेळ आली ती द्राक्षं उतरून गेल्यावर. भर दुपार होती. काकी आल्या, खुर्चीत बसल्या, आणि आखूड बाही वर केली.

"गम बदललास का गं, जयू?"

"नाही. का?"

"लई घट्ट बसतोय. चार दिस झाले, निघंना."

मी चष्मा लावला. चकती एका कडेनं कशीबशी टेकलेली होती. उरलेल्या कडेखाली साडीचं सूत, धूळ, आंघोळीच्या साबणाचा पांढरा थर. वर पंखा फिरत होता, आणि त्याच्या वाऱ्यानं ती चकती हलत होती.

मी आरशात बघितलं. काकी माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीवरच्या नवरीकडे बघत होत्या. मान ताठ होती.

"खरंच की," मी म्हटलं. "या वेळच्या बाटलीतला गम जाडच आलाय. कंपनीनं बदललेला दिसतोय."

"तेच म्हटलं मी," काकी म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "नजर बी जरा कमी झालीया त्यांची. दिसत नसंल."

"असेल."

"जरा सैल लाव."

मी चकतीला बोट लावायच्या आधीच ती माझ्या तळहातावर पडली. मी दंड पुसला. चकती पुसली. गमाची बाटली उघडली, ब्रश बाहेर काढला, काकींना दिसेल असा चकतीवरून फिरवल्यासारखा केला आणि तसाच बाटलीत घातला. मग कोरडीच चकती दंडाच्या घामावर ठेवून अंगठ्यानं दाबून धरली, पुष्कळ वेळ.

"एवढी सैल चालेल?"

"बघू," काकी म्हणाल्या.

त्या उठल्या. पदर त्यांनी दुसऱ्या खांद्यावरून घेतला. डावा हात अंगापासून लांब धरला, काठोकाठ भरलेली कळशी नेतात तसा, आणि पायरी उतरून, उन्हातून हळूहळू चालत गेल्या. घरी पोचेपर्यंत ती पडू नये म्हणून.